सेलमधली काळी कांडी

टॉर्चमधला जुना मोठा सेल उघडला की मधोमध एक काळी कांडी मिळते. साधारण ८ मिलीमीटर जाड, साडेपाच सेंटीमीटर लांब, डोक्यावर पितळेची टोपी. पुस्तकातल्या आकृतीत तिच्याकडे एक बाण जातो, ‘कार्बन कांडी’ असं लिहिलेलं असतं आणि मजकूर लगेच जस्ताच्या डब्याकडे वळतो. थांबायला हवं ते खरं इथेच. विद्युतरसायन शिकवायचं असेल तर ही कांडी, दप्तरातली पेन्सिल आणि औषधाच्या दुकानातली एक सिरिंज एवढ्यावर बरंच लांब जाता येतं. किंमत कमी हा तिचा मोठा गुण आहेच, पण त्याहून मोठा गुण असा की ती काही लपवत नाही. आतली छिद्रं, मुरलेलं मेण, सैल जोड, हाताची घाई, सगळं तिच्या आलेखात उतरतं. हजारो रुपयांचा काचसदृश कार्बनचा तयार इलेक्ट्रोड हाती दिला, तर विद्यार्थ्याला पृष्ठभाग ही काय चीज आहे हे कळायला फार वेळ लागतो.

स्वस्त कार्बन ही गरिबाघरची तडजोड आहे, असा एक समज असतो. इतिहास वेगळं सांगतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रोव्हने १८३९ साली प्लॅटिनम वापरून जोरकस घट बनवला. दोनच वर्षांत, १८४१ मध्ये, जर्मन रसायनज्ञ बुन्सेनने त्यातलं प्लॅटिनम काढून कोक आणि दगडी कोळसा भाजून केलेला कार्बन बसवला आणि तोच घट कितीतरी स्वस्त झाला. १८६६ च्या लेक्लांशे घटातही कार्बनच होता, आणि आपल्या टॉर्चचा सेल त्याच घराण्यातला. म्हणजे प्लॅटिनम परवडत नाही म्हणून कार्बन घेणं ही पावणेदोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे.

कार्बनच्या जागी शाळांमधून खिळे, तांब्याच्या तारा, स्टीलचे चमचे वापरले जातात. बुडबुडे दिसतात, मुलं खूश होतात, पण धनाग्राशी, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडशी, वेगळंच चाललेलं असतं. लोखंड विरघळून तपकिरी गाळ होतो, तांबं विरघळून पाणी निळसर होतं. स्टीलमधून क्रोमियम पाण्यात उतरू शकतं, आणि ते विषारी आहे. पाण्याचं अपघटन दाखवतो म्हणायचं आणि चमच्याचं दाखवायचं, हे बरोबर नाही.

सेल निवडताना वेष्टणावरची अक्षरं वाचावीत. मोठ्या सेलवर ‘आर २०’ आणि पेन्सिल सेलवर ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बनचा, आत कांडी आहे. त्याच्या आधी ‘एल’ असेल, म्हणजे ‘एलआर २०’ किंवा ‘एलआर ६’, तर तो अल्कलाइन. त्यात कार्बनची कांडी नसतेच, उलट पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, जे कातडी आणि डोळे दोन्ही जाळतं. तो उघडायचा नाही. लिथियमचा कुठलाही सेल तर हातातसुद्धा घ्यायचा नाही, तो पेट घेतो. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले सेल बहुतेक जस्त-कार्बनचेच असतात, पण खात्री अक्षरांवरूनच करावी.

जुनं वर्तमानपत्र पसरून, हातमोजे आणि चष्मा घालून काम करावं. बाहेरचं पत्र्याचं वेष्टण पकडीने सोलायचं, वरचं झाकण उचकटायचं, आणि मग कांडी टोपीला धरून हळूहळू फिरवत वर ओढायची. सरळ खेचली तर पेन्सिल सेलची ४ मिलीमीटरची कांडी हमखास मोडते. भोवतीची काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, कार्बनची काजळी आणि क्लोराइडचे क्षार. ती पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्यावी, मोरीत ओतू नये. जस्ताचा पत्रा मात्र धुऊन ठेवावा, जस्त-तांब्याच्या डॅनियल घटाला उपयोगी पडतो.

कांडी नुसती पुसून चालत नाही. आयुष्यभर ती क्लोराइडमध्ये उभी होती, आणि क्लोराइड तिच्या छिद्रांत शिरलेलं असतं. खरवडून स्वच्छ करावी, रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवावी, सकाळी पाणी बदलावं. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून पाहावा. पांढरा धूसरपणा आला तर अजून एक रात्र. हा कंटाळा केला की पुढे ऑक्सिजनच्या नळीतून क्लोरीनचा वास येतो आणि दोष नेमका कुठे हे कुणाला सापडत नाही.

आता मेणाचा प्रश्न. कारखान्यात या कांड्यांमध्ये मेण मुरवलेलं असतं, नाहीतर आतलं द्रावण केशाकर्षणाने वर चढून पितळी टोपी खाऊन टाकेल. जुन्या प्रयोगपुस्तिका सांगतात की कांडी ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून मेण जाळा. फक्त बुडबुडे काढायचे असतील तर हरकत नाही. पण प्रवाह मोजायचा असेल तर हा सल्ला सरळ उलटा आहे. मेण गेलं की कांडी स्पंजासारखी होते, द्रावण आत शिरतं, क्षेत्रफळ किती हे सांगता येत नाही, आणि काहीच अभिक्रिया नसताना नुसत्या पृष्ठभागाच्या भारणाने वाहणारा पार्श्वप्रवाह इतका फुगतो की आलेखातलं अभिक्रियेचं खरं शिखर (प्रवाहाचा उंचवटा) त्यात बुडून जातं. म्हणून धुतलेली कांडी ११० अंशांवर तासभर वाळवून पुन्हा मेणात घालावी. साध्या मेणबत्तीचं पॅराफिन चालतं. भांडं उकळत्या पाण्यात ठेवून मेण वितळवायचं, थेट ज्योतीवर कधीच नाही. कांडीतून बारीक बुडबुडे येत राहतात. ते थांबेपर्यंत, म्हणजे २० ते ३० मिनिटं, ती आत ठेवायची. बाहेर काढून गरम असतानाच कापडाने पुसायची.

यानंतर तिच्या अंगाला हीट-श्रिंक नळी चढवावी किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, आणि फक्त खालचं टोक उघडं ठेवावं. मोठ्या सेलच्या कांडीचं असं टोक म्हणजे ०.५० चौरस सेंटीमीटरची चकती, पेन्सिल सेलचं ०.१३. टोक आधी ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर, मग ८००, १२०० आणि २००० वर ओलं घासायचं. शेवटी साध्या कोऱ्या कागदावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं. कागदावर काळी रेघ पडते आणि टोकाला मंद चकाकी येते. दरवेळी एकाच दिशेने घासलं तर चकती तिरकी होते, आणि तिरक्या चकतीखाली बुडबुडा अडकून बसतो.

पेन्सिलचा मार्ग याहून सोपा आणि, मोजमापासाठी, माझ्या मते याहून चांगला. पेन्सिलीतल्या कांडीला आपण शिसं म्हणतो, पण तिच्यात शिसं अजिबात नसतं. १७९५ मध्ये काँतेने फ्रान्समध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भट्टीत भाजण्याची रीत काढली, कारण युद्धामुळे इंग्लंडचं चांगलं ग्रॅफाइट मिळेनासं झालं होतं. तीच रीत आजही लाकडी पेन्सिलीत आहे. ‘एच’कडे जाल तशी माती वाढते, ‘बी’कडे जाल तसं ग्रॅफाइट. माती विजेची अवरोधक, त्यामुळे इलेक्ट्रोडला एचबी किंवा २बी घ्यावी. यांत्रिक पेन्सिलीची ०.५ किंवा ०.७ मिलीमीटरची शिसं मातीऐवजी बहुधा पॉलिमर भाजून केलेली असतात. ती वीज चांगली वाहतात, व्यास नेमका असतो, आणि एका डबीत डझनभर येतात. त्यामुळे प्रत्येक मापनाला नवं शिसं घेता येतं. चहा किंवा हळदीतली फिनॉलिक द्रव्यं पृष्ठभागावर थर धरतात आणि दुसऱ्या फेरीत शिखर खचतं. तिथे घासत बसण्यापेक्षा शिसं बदलणं बरं.

शिशाला मगरचिमटा थेट लावला की ते चुरडतं. ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन-तीन वेढ्यांवर चिमटा लावावा, किंवा सगळ्यात चांगलं म्हणजे यांत्रिक पेन्सिलच धारक म्हणून वापरावी आणि तिच्या धातूच्या नळीला तार सोल्डर करावी. आधी स्पिरिटच्या बोळ्याने शिसं पुसून वाळवावं, वर तेलकट थर असतो. शिशाच्या टोकापासून बरोबर १० मिलीमीटरवर नेलपॉलिशचा चांगला रुंद पट्टा ओढावा. द्रावण त्या पट्ट्याच्या मधे कुठेही असलं तरी उघडं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. पट्टा नसेल तर १० ऐवजी ११ मिलीमीटर बुडालं की प्रवाह दहा टक्क्यांनी वाढतो, आणि आलेखाला नावं ठेवली जातात. ०.५ मिलीमीटरच्या शिशाचा हिशेब, सेंटीमीटरमध्ये, असा: परिघाचा भाग ३.१४ × ०.०५ × १ म्हणजे ०.१५७, टोकाची चकती ०.००२, एकूण ०.१५९ चौरस सेंटीमीटर.

तिसरा प्रकार कार्बन लगद्याचा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांनी तो १९५८ मध्ये मांडला आणि आजही संशोधनात तो रोज वापरला जातो. बारीक ग्रॅफाइट भुकटी ०.७० ग्रॅम, औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन ०.३० ग्रॅम. खलात अर्धा तास घोटायचं, झाकून रात्रभर ठेवायचं. १ मिलीलिटरच्या सिरिंजचं तोंड धारदार पात्याने काटकोनात कापायचं, लगदा खालून थोडा थोडा दाबत भरायचा आणि दट्ट्यातून तांब्याची तार लगद्यात रुतवायची. सिरिंजचा आतला व्यास साधारण साडेचार मिलीमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस सेंटीमीटर. व्हर्नियरने स्वतः मोजावा, प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो.

या प्रकारातला आनंद म्हणजे नवा पृष्ठभाग मिळवणं. दट्ट्या किंचित दाबायचा, मिलीमीटरभर लगदा बाहेर येतो, तो कागदावर फिरवून पुसायचा, खाली ताजी चकचकीत चकती तयार. तेल जास्त झालं तर शिखरं पसरट आणि लांब लांब जातात. कमी झालं तर लगदा सुटून द्रावणात काळे कण तरंगतात. भरताना हवा अडकली तर प्रवाह मधेच उडी मारतो. अशा वेळी सगळा लगदा काढून पुन्हा भरण्याला पर्याय नाही. घरात सहज मिळतं म्हणून खोबरेल तेल वापरायचा मोह होतो, पण ते थंडीत गोठतं. डिसेंबरातला इलेक्ट्रोड आणि मे महिन्यातला इलेक्ट्रोड मग एक राहत नाही. आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये हा इलेक्ट्रोड कधी घालू नये, तेलच निघून जातं.

आता बुडबुड्यांकडे, कारण वर्गात सुरुवात तिथूनच होते. १०० मिलीलिटर पाण्यात ७.१ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट, त्यात जास्वंदीच्या पाकळ्यांचा गरम पाण्यात काढलेला अर्क, आणि सेलच्या दोन कांड्या. धनाग्राशी रंग लालसर होतो, ऋणाग्राशी हिरवा. हळद घातली तर फक्त ऋणाग्राशी तांबूसपणा दिसतो, कारण आम्लात हळद पिवळीच राहते. मीठ घालू नये, धनाग्राशी क्लोरीन निघतो आणि जास्वंदीचा रंगच उडवतो. धुण्याचा सोडा घातला तर वायू मिळतात पण रंगबदल दिसत नाही, सोडा आधीच अल्कधर्मी असतो.

इथे पुस्तक सांगतं की हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण २:१ येतं. कार्बनवर ते येत नाही. ऑक्सिजन कमी भरतो, आणि थोड्या वेळाने धनाग्राखाली काळी भुकटी साचते. पुष्कळदा शिक्षक ‘प्रयोग चुकला’ म्हणून पुढे जातात. प्रयोग बरोबर असतो, ‘कार्बन निष्क्रिय असतो’ हे वाक्य अर्धवट असतं. पाण्याचं ऑक्सिजन व्हायला प्रमाण विभव (विभव म्हणजे विजेचा दाब) १.२३ व्होल्ट लागतं. कार्बनचं पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड व्हायला फक्त ०.२१ व्होल्ट. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने कार्बनने आधीच जळायला हवं. तो टिकतो तो केवळ ही अभिक्रिया अतिशय संथ आहे म्हणून. विभव वाढवलं की संथपणा सुटतो, थोडा कार्बन जळतो, झालेला वायू काही अंशी पाण्यात विरघळतो, आणि कडा सैल होऊन कण गळतात. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत कार्बनची धनाग्रं अशीच झिजतात आणि सतत बदलावी लागतात. उष्मागतिकी (अभिक्रिया होऊ शकते का) आणि गतिकी (ती किती वेगाने होते) यांतला फरक दाखवायला याहून सोपं प्रात्यक्षिक मला माहीत नाही, आणि ते आपण चूक समजून टाकून देतो.

झीज कमी ठेवायची तर प्रवाहाची घनता कमी ठेवावी, दर चौरस सेंटीमीटरला १०–१५ मिलीअँपियरच्या आत. मोठी कांडी ३ सेंटीमीटर बुडवली तर अंगासकट क्षेत्रफळ ८ चौरस सेंटीमीटर होतं (इथे अंगाला लेप नको). १०० मिलीअँपियर प्रवाह म्हणजे घनता १२.५. दहा मिनिटांत ६० कूलोम जातात आणि २५ अंशांना ७.६ मिलीलिटर हायड्रोजन मिळायला हवा. हायड्रोजनचा आकडा बहुतेक जुळतो. ऑक्सिजनचा ३.८ अपेक्षित असतो. तो जितका कमी भरतो, त्यातला काही भाग कार्बनने खाल्लेला असतो आणि थोडा पाण्यात विरघळलेला.

तांब्याच्या मुलाम्याचा प्रयोगही याच कांडीवर होतो. १०० मिलीलिटरला १२.५ ग्रॅम मोरचूद, १०० मिलीअँपियर, २० मिनिटं. फॅरडेच्या नियमाप्रमाणे ३९.५ मिलिग्रॅम तांबं चढतं. पण मेण नसलेली कांडी पोटात त्याहून जास्त पाणी धरून ठेवते, आणि वजनाचा फरक निरर्थक येतो. मेण मुरवलेली कांडी घ्यावी, धुऊन स्पिरिटमधून काढावी, हवेवर वाळवावी आणि मग मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर ठेवावी. ओव्हनमध्ये घालू नये, मेण पाझरतं. नंतर प्रवाह उलटा केला की तांबं उतरून कांडी पुन्हा काळी होते.

इलेक्ट्रोड खरोखर जमला का, हे फेरीसायनाइड सांगतं. १०० मिलीलिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइड ७.४६ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरीसायनाइड ०.१६५ ग्रॅम, म्हणजे अनुक्रमे १ मोलर आणि ५ मिलीमोलर. संदर्भ इलेक्ट्रोडसाठी, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव मोजायचं त्यासाठी, शुद्ध चांदीची तार ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवावी. तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा राखाडी थर बसतो, आणि क्लोराइडचं प्रमाण ठरलेलं असल्याने ती याच द्रावणात थेट बुडवता येते. सोनाराकडून घेताना दागिन्यांची मिश्र चांदी नको. तिसरा, म्हणजे प्रवाहाची वाट पूर्ण करणारा प्रति-इलेक्ट्रोड, सेलची कांडी. साध्या पोटेन्शिओस्टॅटवर (विभव ठरवून बदलत प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावर) विभव न्यायचं ०.६ ते उणे ०.२ व्होल्ट आणि परत, सेकंदाला ५० मिलीव्होल्ट वेगाने. आपल्या ०.१५९ चौरस सेंटीमीटरच्या शिशाला शिखराची उंची सांगणाऱ्या रँडल्स–शेवचिक समीकरणाने सुमारे १३० मायक्रोअँपियरचं शिखर यायला हवं. दोन शिखरांमधलं आदर्श अंतर ५९ मिलीव्होल्टच्या आसपास. घरच्या शिशावर १०० आलं तरी शिकवायला ते उत्तम आहे. वेग ५० वरून २०० केला की शिखर दुप्पट व्हायला हवं. तसं झालं तर अभिक्रिया विसरणाच्या, म्हणजे कण द्रावणातून पृष्ठभागापर्यंत पसरत पोहोचण्याच्या, ताब्यात आहे.

शिखरांमधलं अंतर ३०० मिलीव्होल्टवर गेलं की मुलं रसायनाला दोष देतात. आधी मल्टिमीटर लावावा. जोडात १००० ओहम रोध असेल तर १३० मायक्रोअँपियरला १३० मिलीव्होल्ट तिथेच पडतात, आणि चढत्या-उतरत्या दोन्ही शिखरांत तो ढकल दिसतो. तारेपासून टोकापर्यंत काही ओहमच्या पलीकडे रोध नको. जोड ठीक निघाला तर पृष्ठभाग. नवं शिसं ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये १.४ व्होल्टवर मिनिटभर धरलं की कडांवर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि इलेक्ट्रॉनांची देवघेव बहुधा सुधारते. जास्त वेळ धरू नये, पार्श्वप्रवाह वाढत जातो. आणि द्रावणात कुठे निळी झाक दिसली तर समजावं की लोखंडी चिमटा ओला झाला आहे. गंजातल्या लोहाने प्रशियन ब्लू केला आहे. चिमटा द्रावणापासून दोन सेंटीमीटर तरी वर हवा.

पोटेन्शिओस्टॅट नसेल तरी हात बांधलेले नाहीत. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, दोन मल्टिमीटर आणि सोडियम सल्फेटमध्ये दोन शिसं. विभव ०.२ व्होल्टच्या पायऱ्यांनी चढवायचं, प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबून प्रवाह लिहायचा. आधी जवळजवळ काहीच नाही, मग २ व्होल्टच्या आसपास रेषा उठते. थांबायची घाई केली तर सुरुवातीचे आकडे फुगीर येतात. तो पृष्ठभाग भारित होण्याचा प्रवाह असतो, थोड्या वेळाने तो ओसरतो.

फेरीसायनाइडच्या उरलेल्या द्रावणात आम्ल कधीच पडू द्यायचं नाही, विशेषतः गरम आम्ल, कारण त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. ते वेगळ्या गडद बाटलीत, नाव लिहून ठेवावं. कांड्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, टिपून, कागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवाव्यात. प्रत्येकीच्या नळीवर मार्करने क्रमांक लिहावा आणि वहीत त्या क्रमांकासमोर व्यास, रोध आणि फेरीसायनाइडचं शेवटचं अंतर. पुढच्या वर्षी मोजलेलं अंतर वाढलेलं दिसलं तर पुन्हा १२०० आणि २००० च्या वॉटर पेपरपासून सुरुवात करावी.